सगळ्या कामांची एका आकड्यात बेरीज करू नका : सीएसआरवाल्यांना गोंदियातून एक खुलं पत्र

प्रति,
कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे नफ्यातून समाजाच्या कामाला लावायचा पैसा) समित्यांचे सदस्य, फाउंडेशनमधले साहेब आणि मॅडम, आणि त्यांच्या वतीने इम्पॅक्ट, म्हणजे कामाचा परिणाम, मोजायला गावात येणाऱ्या सगळ्या एजन्सीज

नमस्कार जी.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहते. घरी धानाच्या दोन-चार बांध्या आहेत, बचत गटाचं रजिस्टर माझ्याकडे असते, आणि तुमच्यासारख्यांचा सर्वे आला की मानधनावर टॅब घेऊन घरोघरी फिरणाऱ्या बायांमध्ये मी पण असते. त्यामुळे तुमचे फॉर्म मला आतून माहीत आहेत, आणि कोणत्या प्रश्नावर लोक गप्प होतात ते पण माहीत आहे.

हे पत्र लिहायचं कारण म्हणजे मधे एका मीटिंगमध्ये पडद्यावर एक यादी दाखवली. आपल्या भागातली कामं एकाखाली एक लावलेली, शिलाई मशीनचं ट्रेनिंग, शाळेतले टॅब, तलावाची दुरुस्ती, गरोदर बायांसाठीचं काम, आणि प्रत्येकासमोर एक आकडा, म्हणजे या कामात एक रुपया टाकला तर समाजाला किती रुपयांचा फायदा झाला. ज्याचा आकडा मोठा ते काम वर, आणि पुढच्या वर्षीचा पैसा पण तिकडेच. शिलाई वर होती आणि तलाव पार खाली. मी तेव्हा विचारलं की तलावाचा आकडा कसा काढला जी, तर सांगितलं की मॉडेलमध्ये येते ते, नंतर बोलू. नंतर कोणी बोललं नाही म्हणून इथे लिहून राहिली आहे.

आधी एक सांगते, मोजूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. पैसा आला तर हिशेब पाहिजेच. कंपनी कायदा 2013 चा, त्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजाच्या कामाला लावायचे, आणि 2021 पासून ज्या कंपन्यांचा सीएसआर वर्षाला सरासरी 10 कोटी किंवा जास्त आहे त्यांना 1 कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट बाहेरच्या एजन्सीकडून करावंच लागते. हा नियम चांगला आहे. नुसते फोटो आणि रिबन कापणं यापेक्षा तर चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की वेगवेगळ्या क्षेत्रातली कामं एका रुपयाच्या आकड्यात ओतून त्यांची शर्यत लावता, त्यात जे काम मोजायला सोपं तेच जिंकते, आणि जे काम दहा जणांच्या उपयोगी पडते ते हरते.

एका रुपयामागे समाजाला किती परत मिळालं हे काढायच्या या गणिताला सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट म्हणतात, ते कुठून आलं ते मी शोधून वाचलं. 1990 च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संस्थेनं ते बसवलं, बेघर आणि कामधंद्याबाहेर पडलेल्या लोकांना रोजगार देणाऱ्या छोट्या धंद्यांना ती पैसा देत होती त्यांच्यासाठी. तिथे ते जुळत होतं, कारण माणसाला काम लागलं की पगार रुपयात (म्हणजे डॉलरात) दिसतो आणि सरकारचा मदतीवरचा खर्च वाचतो तो पण दिसतो. आता तेच गणित बाळंतपणाला लावता, जंगलाला लावता, तलावाला लावता. जिथे पैसा हातात येतच नाही तिथे अंदाजानं किंमत धरावी लागते आणि ती किंमत कोण धरते, तर नागपूर-मुंबईच्या ऑफिसात बसलेला माणूस, ज्यानं आमचा तलाव पाहिलेला नसतो.

तलावाचंच सांगते, कारण मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आहेत, सहा हजाराच्या वर. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी लोकांनी आणि गावकऱ्यांनी ते दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले, नवेगावबांध तर आमच्याच तालुक्यात आहे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि तिथून तलावाचे तुकडे झाले, पाण्याचे नाही, कागदावरचे. शंभर हेक्टरच्या आत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याच्यावरचा पाटबंधारे खात्याकडे. मासे धरायचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेला. पाळीवरची (तलावाच्या बांधावरची) झाडं कोणाची यावर वेगळा वाद. सिंचनवाला विचारते किती हेक्टर भिजलं. मत्स्यविभागवाला विचारते बोटुकली (माशांची पिल्लं) किती सोडली आणि मासोळी किती किलो निघाली. गाळ काढायला पैसा देणारी कंपनी विचारते किती घनमीटर गाळ काढला. तिघांचे तीन आकडे, तिन्ही खरे, आणि तिन्ही मिळूनसुद्धा तलाव होत नाही.

कारण तलावाच्या काठावर ढोरं पाणी पितात, बाया धुणं धुतात, शिंगाडे लावतात, कमळाचे कंद काढतात, ज्या ढिवर बाईकडे एक गुंठा जमीन नाही तिची भाजीपाल्याची सोय त्याच मासोळीवर होते, गावच्या विहिरींना मे महिन्यात पाणी राहते ते तलावामुळे, आणि सारस पक्षी महाराष्ट्रात जेमतेम उरला तो गोंदियाच्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या भरवशावर. हे कोणाच्या रकान्यात लिहायचं? विहिरीचं पाणी वाढलं तर तो फायदा पाणीपुरवठ्याचा, बाईच्या लेकराला मासोळी खायला मिळाली तर तो फायदा महिला-बालविकासचा, सारस वाचला तर वनविभागाचा. खर्च एकाचा आणि फायदा पाच जणांच्या रकान्यात पसरलेला, मग खर्च करणाऱ्याच्या आकड्यात तलाव लहान दिसतो, दिसणारच.

आणि नुसता लहान दिसला असता तर एक वेळ चाललं असतं, पण मोजमापानं तलाव खराब पण होते. घनमीटर हाच आकडा ठरला की जेसीबीवाला घनमीटर काढते. काठाकडचा उथळ भाग, जिथे देवधान (आपोआप येणारा जंगली धान) उगवते, गवत असते, जिथे मरळ आणि बाकी गावठी मासोळ्या अंडी घालतात, तो भाग खोदून सरळ केला की घनमीटर वाढले, रिपोर्ट चांगला झाला, आणि ढिवराचा गावठी मासा गेला. रिपोर्टमध्ये हे कुठंच येत नाही कारण मासा हा त्या प्रोजेक्टचा विषयच नव्हता. आमच्या भागातले जाणते ढिवर हे बरोबर सांगतात, कोणत्या कोपऱ्याला हात लावायचा नाही ते पण सांगतात, पण त्यांना विचारायचा प्रश्न तुमच्या टॅबमध्ये नाही. मी टॅब धरलेला असतो म्हणून सांगते, नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते, चांगलं मोजमाप कसं असते ते विदर्भातच झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 1990 च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळाला घरी जाऊन तपासायचं, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचा. जिथे हे काम नव्हतं अशी 47 गावं तुलनेला घेतली. गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गेलेलं प्रत्येक बाळ मोजलं. काम सुरू व्हायच्या आधी हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं जात होती, 1997-98 पर्यंत तो आकडा 25 च्या आसपास आला, आणि 1999 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात घेतली गेली. हा आकडा मला पटते, कारण तो एकाच गोष्टीचा आहे, बाळ जगलं का. आईला समजते, सासूला समजते, सरपंचाला समजते, आणि खोटं लिहिलं तर गाव लगेच पकडते. शाळेच्या बाबतीत असर सर्वे पण तसाच आहे, 2005 पासून चालू, पाचवीच्या पोराला दुसरीचा धडा वाचता येते का, समोर वाचून दाखवायला लावायचं. बाप जवळ उभा असते, त्याला स्वतःला दिसते.

पण याच बाळाला तुम्ही रुपयात आणायला गेले की काय होते ते पहा. एक पद्धत अशी की बाळ जगलं तर ते मोठं होऊन जन्मभर किती कमावेल ते धरायचं. मग गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या बाळाची किंमत कमी आणि पुण्याच्या बाळाची जास्त, कारण धानोऱ्यात मजुरी कमी आहे! हे मी रागानं लिहून नाही राहिली, गणितच तसं आहे. तसंच बाईच्या वेळेचं. नळ घरी आला, बाईचे रोज पाणी आणायचे तास वाचले, तर त्या तासाची किंमत मजुरीच्या दरानं धरतात, आणि रोवण्यात (धानाच्या लावणीत) बाईला गड्यापेक्षा मजुरी कमी मिळते. म्हणजे आधीच जिथे अन्याय आहे तो अन्याय तुमच्या आकड्यात जसाच्या तसा येऊन बसते, आणि गरिबासाठी केलेलं काम कमी फायद्याचं दिसते. आशाताईचं पण पहा, नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या आणि सगळ्या मिळून तिला 250 रुपये. या पैशावरून तिच्या कामाची किंमत ठरवाल का तुम्ही? त्या भेटीत ती फक्त बाळाचं वजन करत नाही, बाळंतिणीला नवरा जेवायला देते का, घरात मारहाण आहे का, हे सगळं तिला माहीत होते, आणि पुढे कधी ती बाई घराबाहेर पडली तर पहिले आशाताईकडेच येते.

दारूचं उदाहरण तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, 2015 मध्ये बंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. त्या सगळ्या वर्षांत सरकारचा महसूल किती बुडाला हा आकडा नेहमी तयार असायचा, कारण उत्पादन शुल्क खात्याचा तो रकाना आहे आणि तिथे पैशापैशाची नोंद असते. अवैध दारू वाढली हे पण लोक सांगत होते आणि ते पण मोजायलाच पाहिजे होतं, मी ते नाकारत नाही. पण संध्याकाळी घरात भांडण झालं नाही, मजुरीचा पैसा घरी आला, पोरगी दहावीपर्यंत शाळेत राहिली, याचा रकाना कोणत्या खात्याकडे होता? पोलिसांकडे मारहाणीची तक्रार बाई करतच नाही तर कमी झालेली कशी दिसणार. एका पारड्यात पूर्ण हिशेब, दुसऱ्यात काहीच नाही, आणि निर्णय त्यावर.

किंमत लावली की ती वस्तू विकायला निघते ही पण भीती आहे, आणि ती उगाच नाही. जंगलाची जमीन खाणीला किंवा दुसऱ्या कामाला दिली तर जंगलाची नेट प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळाला असता त्या फायद्याची आजची किंमत, भरावी लागते, सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये ठरवलेले दर हेक्टरी 4 लाख 38 हजार ते 10 लाख 43 हजार असे होते, नंतर वाढले. हा दर जंगल तोडणं महाग पडावं म्हणून आणला, चांगल्या मनानं आणला असेल, पण गावात त्याचा अर्थ असा झाला की पैसे भरले, विषय संपला. मोहफूल वेचणारी बाई, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारं घर, देवाचं रान, या हेक्टरी दरात कुठे आहे ते कोणीच दाखवू शकत नाही. 2019 मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेनं दहा व्याघ्र प्रकल्पांपासून देशाला किती फायदा होते ते रुपयात काढलं, त्यात आपला मेळघाट पण होता. तो अभ्यास जंगल वाचवायच्या बाजूनं आहे आणि मला त्याचा आदरच आहे. पण मेळघाटातून ज्या कोरकू गावांना उठावं लागलं त्यांनी काय गमावलं हे त्याच कागदावर शेजारी लिहिलेलं पाहिजे, नाही तर फायदा देशाचा आणि तोटा कोणाचाच नाही असं वाटते.

नाटकाचं थोडक्यात सांगते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, मंडई (गावची जत्रा) आणि रात्रभर नाटकं, वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. सीएसआरच्या परवानगीच्या यादीत कला-संस्कृती आहे, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात लिहिलेलं आहे, तरी तिकडे पैसा येताना मी पाहिला नाही. नाटकाच्या रात्री पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, लेकीबाळी माहेरी येतात. याचा रुपया करायला कोणी बसूच नये, पण म्हणून यादीतून नाव पण काढू नये.

आमच्या घरी धान कुडव-पायलीनं मोजतात, दूध लिटरनं, लुगडं हातानं, आणि या तिघांची बेरीज करून कोणती वस्तू जिंकली असं कोणी विचारत नाही, तरी वर्षाचा संसार नीट चालते, कारण कशाची किती गरज आहे हे घरातल्या बाईला माहीत असते. गावाचं पण तसंच आहे. काय कमी आहे, कशाला आधी पैसा पाहिजे, हे ठरवायला एकच माप लागत नाही, बसून बोलावं लागते. हे स्वप्नातलं बोलत नाही मी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तिथे आधी अभ्यास गट बसते, लोक प्रश्न समजून घेतात, मग ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेते. बांबू किती तोडायचा, कुठे तोडायचा नाही, पैसा कशाला लावायचा, हिशेब सगळ्यांसमोर. एमबीए झालेला माणूस लागला नाही.

तुमच्या सर्वेच्या वेळेचं पण बोलायचं आहे. एजन्सी बहुतेक मार्चमध्ये येते, तिकडे आर्थिक वर्ष संपत असते म्हणून. इकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून लोक मोहफुलाला जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. घरी म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. मग त्या म्हाताऱ्या आजीला विचारायचं की ‘एक ते पाच मध्ये सांगा, तुमच्या जीवनमानात किती सुधारणा झाली’. आजी म्हणते, ‘बरं आहे जी, तुमी काहून इचारता, काही भेटणार आहे का?’ तिथे चार टाकायचं की तीन, हे टॅब धरणाऱ्या पोरीवर. त्या तीन-चारचं पुढे दशांशापर्यंत गणित होते. आणि एकाच बाईचं नाव शिलाईच्या यादीत, शेळीच्या यादीत, बचत गटाच्या यादीत, आरोग्य शिबिराच्या यादीत असते, चारही संस्था म्हणतात की आम्ही हिचं आयुष्य बदललं, चारही जण तिची पूर्ण कमाई आपल्या आकड्यात धरतात. तुमच्या पुस्तकात याच्यासाठी नियम आहे मला माहीत आहे, श्रेय किती कोणाचं, काम झालं नसतं तरी किती झालं असतं, ते वजा करायचं. पण वजा करायला बाकी तिघांनी काय केलं हे माहीत पाहिजे, आणि एका संस्थेची यादी दुसरीला दाखवत नाही कोणी.

म्हणून मागणी एवढी आहे. काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेत या आणि विचारा की हे काम चांगलं झालं हे आपण कशावरून ओळखायचं, गाव जे सांगेल ते लिहून घ्या. आधी महिला ग्रामसभा घ्या, ती कायद्यात आहेच, आणि ज्यांना जमीन नाही अशा ढिवर, मजूर घरांना वेगळं बसवून विचारा कारण मोठ्या सभेत ते बोलत नाहीत. रिपोर्टमध्ये रकाने वेगळे ठेवा, हेक्टर हेक्टरच राहू द्या, बाळ बाळच राहू द्या, मासोळी किलोतच राहू द्या, आणि एका कामाचा फायदा दुसऱ्याच्या रकान्यात पडला तर तो पण लिहा, तोटा पडला तर तोटा लिहा, कोणाचा ते नावगावासह नको पण घर कोणत्या प्रकारचं ते लिहा. कायदा सांगते की प्रोजेक्ट संपून किमान एक वर्ष झाल्यावर असेसमेंट करा. किमान आहे ते, तुम्ही पाच वर्षांनी पण या, तलावाचा खरा हिशेब एका पावसाळ्यात होत नाही. वेगवेगळ्या क्षेत्रांमध्ये पैसा वाटायचाच आहे आणि एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणायचंच आहे, तर ते तुम्ही उघड म्हणा की आम्ही या कारणानं हे निवडलं. आम्हाला राग येईल, भांडू, पण समजेल. आकड्यानं ठरवलं असं सांगितलं की भांडायला समोर माणूसच राहत नाही.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात कलम 17 मध्ये ग्रामसभेनं कामाचं सोशल ऑडिट, म्हणजे गावानंच कामाची तपासणी, करायचं असं लिहिलं होतं. सरकारच्या पैशाचं ऑडिट गाव करू शकते असं संसदेनं मानलं, तर कंपनीच्या कामाचा रिपोर्ट गावात वाचून दाखवायला काय अडचण आहे? आजपर्यंत मी ज्या सर्वेंमध्ये फिरली त्यातला एकही रिपोर्ट गावात परत आला नाही.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. रोवणा संपलेला असतो, हलका धान नुकताच कापायला आलेला असतो, लोक गावात असतात. तुमच्या यादीत खाली पडलेल्या त्या तलावाचा रिपोर्ट मराठीत घेऊन या, आकडा कसा काढला ते सांगणारा माणूस सोबत आणा, मच्छीमार संस्थेला आणि पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांना निरोप द्यायचं काम आमच्या बचत गटाकडे.

आपली,
ग्रामसभेची एक सदस्य
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया